बंदी नाही, फक्त जागा नाही

आमचा कोल्हापूरचा मावसभाऊ, दादा, शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवणं, जमेल तेव्हा शाहू स्मारकच्या कलादालनात मित्रांबरोबर प्रदर्शन लावणं आणि रविवारी मला इंग्लंडला फोन करून ‘तुमचं बरं आहे बघ तिकडं’ म्हणणं, ही त्याची ठरलेली कामं. यातल्या तिसऱ्या कामाबद्दल माझी तक्रार आहे.

त्याचं हे पालुपद वाढलं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या निकालानंतर. ब्रिटनमधल्या लिलावांत घेतलेली अकबर पदमसी आणि एफ. एन. सूझा या चित्रकारांची सात कामं २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवली होती. प्रत्येक नग्नचित्र म्हणजे अश्लील चित्र नव्हे, असं सांगत न्यायालयाने जप्ती रद्द केली. निकाल चांगलाच लागला, पण दादा म्हणतो, ‘जे लंडनात राजरोस विकलं जातं, त्याच्यासाठी इथं हायकोर्टात जावं लागतं. यातच सगळं आलं.’

यात सगळं येत नाही, हे त्याला फोनवर पटवता आलेलं नाही. म्हणून लिहिते.

मी दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहते. इथल्या हौशी चित्रकारांचं दर वसंतात चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं, आणि मी त्याच्या कार्यकारिणीत आहे. कार्यकारिणी म्हणजे हमाली. नोकरीवरून आल्यावर अर्जांचे फोटो तपासायचे, लेबलं टाइप करायची, ‘शीर्षक नाही’ असं शीर्षक देणाऱ्यांना फोन करून खरंच नाही का, हे विचारायचं. चहाच्या पाळ्या लावायच्या. त्यावरून होणारे रुसवे चित्रांवरून होणाऱ्या रुसव्यांपेक्षा जास्त टिकतात. निवड समिती नाही. फी भरली, माप नियमात बसलं की चित्र लागतं. कडक नियम एकच: फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना कड्या हव्यात आणि त्यांतून ताणून बांधलेली दोरी हवी. कारण आम्ही जाळीच्या पडद्यांवर एस आकाराच्या हुकांनी चित्रं अडकवतो आणि दोरी सैल असली की चित्र मान खाली घालून उभं राहतं. चित्रं जमा करायच्या दिवशी मी दाराशी बसून फ्रेमा उलट्या करून दोऱ्या ओढून बघते. कोणी ना कोणी ओलं तैलचित्र घेऊन येतंच, आणि मग दिवसभर माझ्या बाहीवर कोणाचा तरी सूर्यास्त असतो.

यंदा एका निवृत्त पोस्टमननी कोळशाने काढलेलं चित्र आणलं. स्टुलावर पाठमोरा बसलेला म्हातारा, अंगावर काही नाही. मणक्याचा बाक, खांद्याची वर आलेली हाडं, स्टुलाच्या कडेवर पसरलेलं थकलेलं मांस. मला विचाराल तर पूर्ण हॉलमध्ये पुन्हा वळून बघावं असं तेवढंच होतं. बाकी होड्या, मांजरं आणि ब्लूबेलची जंगलं. दोरीसुद्धा त्यांचीच सगळ्यांत चोख होती.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या व्यवस्थापनाकडून ईमेल आली. चित्र फार सुंदर आहे. मात्र हॉलमध्ये आठवड्यातून एकदा लहान मुलांचा गट भरतो, तेव्हा ही जागा या चित्राला कितपत योग्य आहे, याचा आपण कृपया विचार करावा. बस, एवढंच. कोणा पालकाची तक्रार आली होती का? तसं लिहिलेलं नव्हतं. काढा, असंही म्हटलेलं नव्हतं. मी बैठकीत म्हटलं की मुलांना म्हाताऱ्याच्या पाठीने काय होणार आहे. सगळे म्हणाले, खूपच चांगला मुद्दा आहे, आणि पुढच्या विषयावर गेले. मग कोणीतरी सुचवलं की खुर्च्या रचून ठेवतो त्या पॅसेजमध्ये लावूया. ते पोस्टमनच्या कानावर गेलं. ‘उगाच कशाला कोणाला त्रास’ म्हणत त्यांनी चित्र चादरीत गुंडाळलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं. कार्यवृत्तात नोंद झाली: मांडणीत किरकोळ बदल.

आता हे १९५४ शेजारी ठेवून बघा. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. पदमसींच्या तिथल्या प्रदर्शनातली दोन चित्रं अश्लील आहेत, ती उतरवा, असं पोलिसांनी सांगितलं. विशीतल्या पदमसींनी नकार दिला, अटक ओढवून घेतली, खटला लढले आणि निर्दोष सुटले. सांगणारा, नकार देणारा, निकाल देणारा असे तिघेही समोर होते. म्हणूनच तो खटला आजही दाखल्याला काढता येतो, आणि सत्तर वर्षांनी, पदमसी हयात नसतानाही, त्यांच्या चित्रांसाठी पुन्हा कोर्टात उभं राहता येतं. आमच्या पोस्टमनने कोणत्या कोर्टात जावं? त्यांच्यावर आरोप नाही, बंदीचा आदेश नाही, आक्षेप घेणाराही नाही. आहे ते फक्त सौजन्य, आणि सौजन्याविरुद्ध अपील करता येत नाही.

तिकडची रीत मी गोड करून सांगत नाही. खटला जिंकूनही माणूस हरू शकतो. मकबूल फिदा हुसेन २००६ मध्ये देश सोडून गेले, २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये ते लंडनमध्ये वारले. निकालाच्या कागदाने दगड थांबत नाहीत. आमच्या गावात कोणी कोणावर दगड टाकणार नाही, हे मोठंच सुख आहे आणि मी ते रोज उपभोगते.

पण हे सुख म्हणजे मोकळेपणा, असा दादाचा समज आहे, आणि माझा वाद तिथे आहे. ज्या लंडनचं तो कौतुक करतो, तिथे १९२९ मध्ये पोलिसांनी वॉरन गॅलरीवर धाड घालून कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स यांनी काढलेली तेरा चित्रं उचलली होती, आणि पुन्हा इंग्लंडमध्ये दाखवणार नाही, या हमीवरच ती परत दिली. अश्लीलता ठरवायची जी कसोटी आपली न्यायालयं २०१४ पर्यंत वापरत होती, तीही इथल्याच १८६८ च्या एका निकालातली. इथे पोलीस आता चित्रं उचलायला येत नाहीत, हे खरं. त्याचं एक कारण मला असं दिसतं की गावोगावच्या हॉलमध्ये त्यांच्यापर्यंत जाण्याइतकं काही भिंतीवर पोचतच नाही.

एका बाबतीत मात्र मी दादाशी पूर्ण सहमत आहे. जहांगीरची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि नाव नसलेल्या, पदवी नसलेल्या माणसाने घरातल्या घरातच चित्रं लावायची, असं आपल्याकडे ठरून गेलंय. इथे ऐंशीच्या आजीबाई सत्तरीत काढायला शिकलेलं चित्र लावतात, त्यावर विकल्याचा लाल ठिपका लागतो, आम्ही पंधरा टक्के कापून बाकीचे पाकिटात घालून देतो. तालुक्यातालुक्यात मंगल कार्यालयं आहेत, लग्नाचे मुहूर्त नसतात तेव्हा ती रिकामी पडलेली असतात. तिथे असं काही का भरू नये, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘भरवू की. पण उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, यावरच पहिली मारामारी होईल.’ होऊ दे. निदान मारामारी करणारे कोण, ते तरी कळेल.

पुढच्या वर्षीच्या अर्जात एक कलम घालायचा प्रस्ताव मी दिलाय: लावलेल्या चित्रावर आक्षेप असेल तर तो लेखी, कारणासह आणि आपल्या नावाने द्यावा, आणि चित्र उतरवायचं ठरलं तर तसं कार्यवृत्तात लिहावं. खजिनदारांना ते जरा कडक वाटतंय. सप्टेंबरच्या बैठकीत तो विषय चौथा आहे, चहाच्या नव्या बंबाच्या खर्चानंतर.