खुलासा : चार्जरला गाडी बँक खातं सांगत नाही

‘इलेक्ट्रिक गाडीला केबल लावली की गाडी तुमच्या बँक खात्याचा नंबर चार्जरला देते, कोणीही पैसे काढून घेऊ शकतं’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे खरं नाही. नवी गाडी घेतलेली माणसं यामुळे घाबरतात, म्हणून लिहितोय.

केबल लावली की चार्जिंग आपोआप सुरू होण्याची ‘प्लग अँड चार्ज’ ही सोय आयएसओ १५११८ या आंतरराष्ट्रीय मानकावर चालते. सीसीएस-२ या जलद चार्जिंगच्या प्लगच्या वरच्या भागात दोन बारीक पिना दिसतात. त्यातल्या एकीवरून गाडी आणि चार्जर बोलतात. गाडी दाखवते ते डिजिटल प्रमाणपत्र. त्यात चार्जिंग कंपनीशी केलेल्या कराराचा क्रमांक असतो, खात्याचा नाही. बोलणं कूटबद्ध (एनक्रिप्टेड) असतं आणि गाडी डिजिटल सहीने स्वतःची ओळख पटवते. बिल नंतर कंपनी त्या करारावर लावते. करारच केला नसेल तर आपोआप काहीही कापलं जात नाही.

भीतीला थोडा आधार आहे, तो वेगळ्या पद्धतीत. ‘ऑटोचार्ज’मध्ये गाडीची ओळख तिच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे तिच्यातल्या संपर्क यंत्रणेच्या ठरावीक क्रमांकावरून पटते. तो उघडा असतो, त्याची नक्कल करता येते. तसं झालं तर दुसऱ्याच्या चार्जिंगचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. खातं मात्र रिकामं होत नाही. ही सोय सुरू केली असेल तर प्रत्येक चार्जिंगचा मेसेज येतो ना, हे जरूर बघा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून अ‍ॅप उघडून किंवा क्यूआर स्कॅन करूनच चार्जिंग सुरू होतं. तिथे हा प्रश्नच येत नाही.