उद्यान वाचवायचंय? आधी बॅनर छापा

आपल्या भागातली बाग, टेकडीवरची पायवाट, एखादं मोकळं मैदान यांच्यावर तुमचं फार प्रेम आहे, पण ते व्यक्त कसं करावं हे कळत नाही, अशी अनेकांची अडचण असते. तसं पाहिलं तर मार्गदर्शनाची फारशी गरज उरलेली नाही. परवाच टेकडीच्या उतारावर भव्य वृक्षारोपण झालं आणि त्यातलं रोप जरा वर ओढलं तर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट हातात येतंय. शेजारचंही तसंच. लोकांना सगळं येतं. तरी नवख्यांसाठी चार उपाय सांगून ठेवतो.

सुरुवात बॅनरपासून करा. कुदळ-फावडं मिळालं नाही तरी चालेल, बॅनर हवा. तो बांधायला खांब शोधू नका, समोर जुनं झाड उभं आहे ना? तीन इंची खिळे ठोका. खिळ्यांचा आवाज होतो म्हणून संकोच वाटत असेल तर बांधणीची तार वापरा, ती जास्त परिणामकारक आहे. खोडाभोवती दोन वेढे, पक्कडीने पीळ, झालं. कार्यक्रम संपल्यावर बॅनर न्या, तार राहू द्या. झाड जाडीला वाढतं, तार वाढत नाही. दोन-चार वर्षांत ती सालीत रुतते. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं, तो रस्ता बंद होतो. मुळं उपाशी, मग शेंडा वाळतो. तोवर तुमचा कार्यक्रम कुणाच्या लक्षातही नसतो.

आता मुख्य सोहळा, वृक्षारोपण.

जागा निवडताना गवताळ उतार घ्या. तिथे झाडं नाहीत, म्हणजे ती जागा वाया गेलेली आहे, हे उघडच आहे. गवताची दाट मुळं उतारावरची माती धरून ठेवतात, टिटवी आणि चंडोल तिथे जमिनीवर अंडी घालतात, असल्या किरकोळ गोष्टींत शिरू नका. मुहूर्त ऐन विणीच्या दिवसांतला धरला आणि शे-दोनशे माणसं त्यावरून फिरवली की काम एका सकाळीत उरकतं.

रोपं कुठली? फुकट मिळतील ती. भराभर वाढणारी असली की पुढच्या वर्षीच्या फोटोत बरी दिसतात. सुबाभूळ घ्या. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक परकीय प्रजातींची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात सुबाभळीचं नाव आहे, म्हणजे झाड नावाजलेलं आहे. घाणेरीही त्याच यादीत आहे, पण ती लावावी लागत नाही, दुर्लक्ष केलं की पुरतं.

कुणीतरी ‘मियावाकी’ म्हणेलच. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दाट जंगल वाढवण्याच्या पद्धतीतलं तेवढं एक वाक्य उचला: चौरस मीटरला तीन ते पाच रोपं. त्या जागी नैसर्गिक जंगल कुठल्या प्रकारचं असतं ते आधी शोधायचं, उंच-मध्यम-ठेंगण्या थरांतली स्थानिक झाडं मिसळायची, माती खोलवर भुसभुशीत करून त्यात सेंद्रिय खत घालायचं, वरून जाड आच्छादन टाकायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं तण काढत, पाणी देत राहायचं, हा उरलेला भाग सोडून द्या. दाटी तेवढी ठेवा.

खड्डा पहारीने घ्या, अरुंद आणि खोल. मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद आणि गोळ्याच्या उंचीइतकाच खोल खड्डा घ्यायला सांगणारे लोक भेटतील. त्यांना फार वेळ असतो. चिकण मातीत पहारीने घेतलेल्या खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, कोवळी मुळं त्यात शिरू शकत नाहीत, आतल्या आत गोल फिरतात. खोल पुरलं की खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग मातीखाली जातो, तिथली साल कायम ओली राहून कुजते. तो भाग जमिनीच्या पातळीला दिसत राहायला हवा म्हणे. दिसून करायचंय काय?

आणि ती पिशवी. ती कशाला काढायची! रोपाचं वस्त्र आहे ते. पिशवी काढायला किती वेळ लागतो ते सांगतो. ब्लेडने दोन्ही बाजूंनी उभा छेद द्यायचा, तळ कापायचा, गोळा तळहातावर तोलून पिशवी सोडवायची, गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करायची आणि जी अगदीच वळली असतील ती कापून टाकायची. एका रोपाला मिनिट, फार तर दोन. एवढा वेळ ज्याच्यापाशी नाही तो रोप घेऊन टेकडी चढतो कशाला, हे एक कोडंच आहे. पिशवीतल्या रोपाला वाटीभर माती मिळते. पाऊस असेतो ते हिरवं दिसतं. पाऊस संपला की वाटीतलं पाणी संपतं, आणि बाहेरची ओली माती एक मिलिमीटर प्लॅस्टिकसुद्धा नाही इतक्या अंतरावर असते. चुकून तगलंच, तर मुळं स्वतःभोवतीच वेढे घालत जाडावतात आणि पुढे कधीतरी जोराच्या वाऱ्यात झाड बुंध्यातून कोलमडतं. मग आपण म्हणतो, वादळ फार मोठं होतं.

रोपाला काठी द्या, पण खोडाला चिकटून, आणि प्लॅस्टिकच्या सुतळीने करकचून. दोन बाजूंना दोन काठ्या, मध्ये सैल इंग्रजी आठासारखी मऊ पट्टी, खोडाला थोडं हलू द्यायचं कारण हलल्यानेच ते जाड होतं, आणि वर्षभरात सगळं सोडायचं, ही पद्धत आहे खरी. पण वर्षभराने परत येणार कोण?

तर येऊ या पाण्याकडे. हिशोब शाळेतल्या पोरालाही जमेल. पाचशे रोपं, प्रत्येकी दहा लिटर, म्हणजे एका वेळचे पाच हजार लिटर. कोरड्या महिन्यांत आठवड्यातून निदान एकदा. हे पहिली दोन ते तीन वर्षं. उतारावर टँकर वर चढत नाही, म्हणजे वर एखादी टाकी, तिथपर्यंत पाइप, आणि पाइपपासून रोपापर्यंत बादली घेऊन चालणारी माणसं. रोपाभोवती आळं नसेल तर त्यातलं निम्मं पाणी खाली वाहून जातं. आच्छादन नसेल तर उरलेलं उन्हात उडतं. आच्छादन पाच ते दहा सेंटीमीटर जाड, खोडापासून वीतभर दूर. यातल्या एकाही ओळीचा विचार कुणी केलेला नसतो. कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन असतं, सत्कार असतो, अल्पोपाहार असतो. पाणी कोण घालणार, हे नसतं. विचारलं तर उत्तर तयार: ‘पावसाळ्यात लावलंय ना!’ पावसाळा संपतो, साहेब. दरवर्षी संपतो. आणि पुढच्या वर्षी त्याच उतारावर, त्याच खड्ड्यांत, मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या उपटून पुन्हा पाचशे. आकडा मात्र हजार. मेलेली कुणी वजा करत नाही.

असो. उपरोध सांभाळून पुढे जाऊ.

पायवाटेवर वळणं दिसली की ती कापा. नागमोडी वाट आखणाऱ्याला डोकं नव्हतं, तुम्ही सरळ वर जा. वळणं असतात ती याचसाठी: वाटेचा चढ मूळ उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता तिला ओलांडून खाली उतरतं. वाटेला दरीच्या बाजूकडे पाचेक टक्के कलही त्यासाठीच दिलेला असतो. तुमच्या सरळ शॉर्टकटवर पाणी थेट धावतं. गवत मरायला फार लोक लागत नाहीत, पहिल्या काही फेऱ्यांतच माती सर्वांत जास्त दाबली जाते. नंतर तिथे ओघळ पडतो, ओघळाची घळ होते, मग घळ टाळायला शेजारून नवी वाट निघते. चिखल लागला तर तोही असाच बाजूने टाळा. बुटाला चिखल लागायला नको, वाट एका माणसाची होती ती बैलगाडीची झाली तरी हरकत नाही. पावसाआधी वाटेकडेचे चर आणि आडवे बांध कुणी साफ करत असेल तर त्याला ‘छान काम’ म्हणून अंगठा दाखवा आणि पुढे चला. फावडं हातात घेऊ नका, लोक बघतात.

बागेतल्या मोठ्या झाडाखाली चिखल होतो? खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवा, वर सिमेंटचा गोल पार बांधा, त्यात मातीचा भराव घाला. झाडाची बरीचशी बारीक मुळं वरच्या अर्ध्या मीटरमध्येच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते, ही अंधश्रद्धा आहे.

पालापाचोळा जाळा. घनमीटरभर ढीग करून, तीन भाग वाळकं आणि एक भाग ओलं मिसळून, मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंब येतील इतका ओलावा ठेवला तर खत होतं. पण धूर जास्त लवकर होतो.

लहान मुलांसाठी झोका भेट द्या, दात्याचं नाव सीटपेक्षा मोठं. साखळीची कडी झिजलीय का, ‘एस’च्या आकाराचा हूक उघडून नाण्याच्या जाडीएवढी फट पडलीय का, खालची वाळू पायांनी खरवडून खालचा कठीण थर वर आलाय का, हे दर महिन्याला बघायचं असतं. त्याची पाटी कुठे लागत नाही, म्हणून ते कुणी बघत नाही.

काही तुटलेलं दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर टाका. ‘प्रशासन झोपलंय’ लिहा. जागा, वस्तू, नेमका बिघाड आणि तारीख लिहून तक्रार नोंदवणं आणि तक्रार क्रमांक घेऊन आठवड्याने विचारणा करणं, याने लाइक मिळत नाहीत.

मोकळ्या मैदानाचं काही करायला कुणी आलं, म्हणजे सभागृह, पार्किंग, पुतळा, तर सूचना-हरकतींची मुदत संपेपर्यंत शांत राहा. त्यानंतर मेणबत्त्या लावा.

बास झालं. आता सरळ बोलतो.

अमेरिकेतली अपलाचियन ट्रेल साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली गेली, १९३७ मध्ये ती सलग झाली, आणि आजही तिची बरीचशी निगा स्वयंसेवक राखतात. कशी? वाटेचे तुकडे पाडून. अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतचा तुकडा या मंडळाचा, त्यातले हे काही किलोमीटर या माणसाचे. तो वर्षातून ठरावीक वेळा जातो, पाण्याचे चर उकरतो, आडवं पडलेलं झाड कापतो, झाडांवरच्या दोन इंच बाय सहा इंचांच्या पांढऱ्या खुणा पुन्हा रंगवतो, घरी येतो. त्याला कुणी शाल घालत नाही. आणि तो आजारी पडला तरी तुकडा बेवारस होत नाही, तो मंडळाचा असतो.

तुमच्या बागेत कुणाचं काय ठरलंय? पाचशे माणसं रोपं लावायला आली, त्यातली पाचसुद्धा उन्हाळ्यात दिसत नाहीत. लाज वाटायला हवी. रोप मरणं हा निसर्गाचा कोप नाही, तुमचा आळस आहे. पाचशे लावू नका, वीस लावा. वीस रोपांना वर्षभर पाणी घालणारी सहा माणसं आधी गोळा करा आणि मगच रोपं आणा. प्रत्येक रोपाला क्रमांकाची पट्टी बांधा, सैल बांधा, आणि दर तीन महिन्यांनी जिवंत किती ते मोजा. मेलेल्यांचा आकडाही फलकावर लिहा, तेवढी हिंमत दाखवा. जमत नसेल तर फावडं घेऊन पावसाआधी दोन चर उकरा, तेवढ्यानेही वाट वाचते. खोडातल्या तारा कापायला कटर लागतो, अर्धी सकाळ लागते, परवानगी फारशी लागत नाही. आणि हे सगळं एखाद्या शनिवारी, कॅमेऱ्याशिवाय.

पाळ्यांची यादी करा. नाव लिहा, दिवस लिहा, आपल्या पाळीला या. येणार नसाल तर बदली माणूस पाठवा. तेही होणार नसेल तर उतारावर काही लावू नका. तिथलं गवत तुमच्याशिवाय नीट चाललं होतं.