आत्याच्या माठातली जपानी माती

तासगावला आत्याकडे गेलो, तांब्या तोंडाला लावला आणि दाताखाली कचकच. माठात डोकावलो तर तळाशी बोटभर करडा गाळ. "अरं, जिओलाइट हाय ते. बोअरला युरेनियम लागलंय म्हणं. जपाननं बी हीच माती वापरली," म्हणत तिनं मोबाईल पुढं केला. भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज: पावडर माठात टाका, चमचाभर पोटातही घ्या, पाणी उकळा, उरलेला गाळ परसातल्या भाजीला घाला. पाकीट आठवडी बाजारात घेतलेलं, त्यावर बनवणाऱ्याचा पत्ताही नाही.

जपानचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल. फुकुशिमाच्या अणुभट्टीत 2011 साली अपघात झाला, तेव्हा जिओलाइट वापरलं, पण पाण्यातलं सीझियम, म्हणजे एक किरणोत्सारी धातू, धरायला. जिओलाइट म्हणजे बारीक छिद्रांचं खनिज; त्याच्या जाळीवर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचं सीझियम तिथं अडकतं. युरेनियमची गोष्ट वेगळी. आपल्या बोअरच्या जड पाण्यात ते कार्बोनेटशी गाठ मारतं आणि बहुतेक वेळा ऋण भाराचं, नाहीतर बिनभाराचं होऊन फिरतं. जिओलाइट त्याला काय धरणार?

आणि तो भाजीचा मुद्दा! माती धातू पचवत नाही, नुसती अंगाला चिकटवून ठेवते. त्याच फुकुशिमात दोन इमारतींच्या तळघरांत जिओलाइटची पोती टाकली होती. पाण्यातलं सीझियम शोषून ती इतकी किरणोत्सारी झाली, की माणसाला जवळ जायची सोय नाही; ती गोळा करायला पाण्यात रोबोट उतरवावे लागतात. आमची आत्या तोच गाळ मेथीच्या वाफ्यात ओतत होती. पावडर काम करत असेल तर धातू मेथीच्या मुळाशी, करत नसेल तर पैसे पाण्यात. यातलं कुठलं बरं, ते मेसेज लिहिणाऱ्यानंच सांगावं.

चमचाभर पोटात घ्यायचं तर बोलायलाच नको. शरीरात सीझियम गेलं तर डॉक्टर तपासून प्रशियन ब्लू नावाचं औषध देतात, बाजारची भुकटी नव्हे. तिच्यात शिसं किती, कुणी पाहिलंय? उकळल्यानं पाणी उडतं, धातू उरतो, उलट घट्ट होतो.

राहिलं युरेनियम. पंजाब-राजस्थानात काही ठिकाणी तो प्रश्न खरा आहे. आपल्या पायाखाली काळा कातळ, बेसाल्ट. त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरंच कमी. तरी शंका असेल तर लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, आणि ते प्रयोगशाळेत मोजता येतं.

आत्याच्या बोअरचं पाणी मीच बाटलीत भरून दिलं. युरेनियम मर्यादेच्या खूप आत. खतांतून पाण्यात उतरणारं नायट्रेट मात्र लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपार, चहूबाजूंनी द्राक्षबागा, दुसरं काय निघणार? नायट्रेटही ऋण भाराचंच. त्या पाकिटाचा इथंही उपयोग नाही. माठ घासून पालथा घातलाय, आणि सध्या आत्या नळाचं पाणी भरते.