अंगाने थोराड, रंग काळा

माझे पणजोबा कुणीही नव्हते. हा विनय नव्हे, चौकशीअंती काढलेला निष्कर्ष आहे. घरात त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, तांब्यावर कोरलेलं नावसुद्धा नाही. "होते बाबा, शेती करायचे, वारले," एवढं चरित्र आत्याला पाठ आहे, आणि ते सांगतानाही तिला 'वारले'पाशी पोचायची घाई असते. त्यात चार ओळींची भर घालावी म्हणून मी रजा टाकली आणि तीन दिवस तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाल्ली.

आधी वाटलं होतं, शिरगणती आहे की! १८८१ पासून साहेबाने दर दहा वर्षांनी डोकी मोजली, त्यात आमचंही एखादं असेलच. असणारच. पण हाती येतात ते नुसते आकडे. तालुक्यात पुरुष इतके, बायका इतक्या. त्यातला एक पुरुष माझा.

मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातले जन्म-मृत्यू यात चढायचे. आजोबांचा जन्म सापडला, पण बारशाआधीच नोंद झाल्यामुळे ते तिथे नुसते 'मुलगा' आहेत. पणजोबांच्या मृत्यूची वही मागितली, तर 'वाळवीने नष्ट' असं उत्तर आलं. सही-शिक्क्यानिशी, लेखी. इतक्या तत्परतेने त्या कचेरीतून मला दुसरं काही मिळालेलं नाही.

उरलेलं सगळं मोडीत. मोडी मी वर्गात जाऊन शिकलोय, म्हणजे तक्त्यावरची. कारकुनाची मोडी हा वेगळा आजार आहे. ओळभर रेघ आधीच मारून ठेवायची, मग अक्षरं तिला लटकवत सुटायचं. दोन शब्दांत फट नाही, पूर्णविराम नाही, वेलांटी सरसकट दीर्घ आणि उकार सरसकट ऱ्हस्व. लिहिणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून केलेली ही सगळी सोय. तेव्हा वाचलेला तो वेळ आता माझ्याकडून वसूल होत होता.

आणि तिथे काका बसले होते.

प्रत्येक रेकॉर्ड रूममध्ये एक असे काका असतात. निवृत्त, डोळ्यांना भिंग, मांडीवर पिशवी, पिशवीत गुंडाळी केलेली वंशावळ. कर्मचारी त्यांना ओळखतात आणि टाळतात. मी नवखा होतो.

"कुणाला शोधताय?"

"पणजोबांना."

"कोण होते?"

"शेतकरी."

"ते झालंच हो. पण *होते* कोण? पाटील? इनामदार? गेलाबाजार एखाद्या सरदाराच्या पागेत?"

"नाही."

"बंडात वगैरे?"

"नाही हो, काका."

"खून?" त्यांनी आशेने विचारलं. "खुनाचे कागद फार छान टिकतात. पंचनामा, साक्षी, जबानी... माणूस कसा डोळ्यांसमोर उभा राहतो."

"त्यांनी खून नाही केला," मी म्हणालो, आणि आयुष्यात प्रथमच मला पणजोबांचा किंचित राग आला. एखादा लहानसा करायला काय हरकत होती?

काकांनी मग त्यांची गुंडाळी उलगडली. टेबल संपलं तरी उलगडत होती. चौदा पिढ्या. त्यांत एकही माणूस साधा नाही. कुणी किल्लेदार, कुणाला सनद, कुणी लढाईत पडलेला. चौदा पिढ्यांत कुणी सर्दीने मेला नाही, कुणी नुसता नांगर धरून जगला नाही. मला खरंच विचारायचं होतं की यांच्या घरी भाकरीला लागणारी ज्वारी कोण पिकवत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कणव दाटून आली होती.

"तुमचं आडनाव काय म्हणालात? थांबा. आमच्या सातव्या पिढीत दोघे निपुत्रिक आहेत. जमतंय का बघू."

"निपुत्रिक असतील तर मी कसा जमेन?"

"तसं लिहिलंय. खात्री कुणी केलीय?"

तिसऱ्या दिवशी, भलत्याच गठ्ठ्यात घुसलेल्या एका वहीत मला नाव दिसलं. पणजोबांचं, वल्द त्यांच्या वडिलांचं, गाव आमचं. शेजारी साल १३१७. मी जवळजवळ ओरडलो. १३१७! देवगिरीच्या यादवांचं राज्य बुडायच्या सुमारास आमचे पणजोबा हयात!

"फसली आहे ते, महसुलाचं साल," काका भिंगावरून म्हणाले. "५९० मिळवा."

मिळवले. १९०७ झालं. यादव गेले.

पण नोंद चांगली तीन ओळींची होती. मला ती लागेना, म्हणून काकांनी भिंग लावलं आणि सावकाश, एकेक शब्द सोडवत वाचायला सुरुवात केली.

"अंगाने... थोराड."

माझ्या घशात आवंढा आला. थोराड! आमचे वडीलही थोराडच होते.

"रंग... काळा."

तो तर अजून घरातच आहे.

"कपाळी... चांद."

जखमेचा व्रण असावा. कसा झाला असेल? मी डोळे पुसले. खोटं सांगत नाही.

"डावे... शिंग... मोडके."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. काकांनी पान मागे उलटून पाहिलं. "कोंडवाड्याची वही आहे ही," ते म्हणाले. "म्हैस आहे."

१८७१ च्या कायद्याने कोंडवाडा चालवणाऱ्याला वही ठेवणं भाग होतं. जनावरं किती, दिसायला कशी, कुठल्या दिवशी नि कुठल्या वेळी आणली, कुणी आणली, सगळं लिहायचं. आणि मालकाचं नाव, माहीत असल्यास. माहीत असल्यास! म्हशीचं वर्णन अनिवार्य आणि माझे पणजोबा ऐच्छिक.

आता हसू येतंय, पण तेव्हा आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आत्ताही पुरतं येत नाही. त्या माणसाने उभा जन्म शेतसारा भरला. त्याच्या जमिनीचा गुंठा न् गुंठा मोजलेला आहे, पीक कुठलं तेही लिहिलंय. तो उंच होता की बुटका, चिडका होता की हसरा, हे एका ओळीत कुणी टिपलं नाही. म्हैस दुसऱ्याच्या पिकात शिरली, म्हणून निदान नाव तरी आलं. पणजी तर कुठेच नाही. तिचं नाव आत्यालाही ठाऊक नाही. एका कागदावर 'बायको' असा शब्द आहे, ती तीच असावी. पणजीची म्हैस असती आणि तीही चुकार निघाली असती, तर काही आशा होती.

तरीही मी नक्कल मागायला खिडकीशी गेलो. आहे तेवढं तर आहे. बाईंनी अर्ज वाचला, वही वाचली, पुन्हा अर्ज वाचला.

"नोंद म्हशीची आहे."

"हो."

"इथे 'नोंदीशी अर्जदाराचं नातं' रिकामं सोडलंय तुम्ही. काय लिहू?"

रांगेतला एक जण हसला. त्याचा चेहरा मी लक्षात ठेवलाय.

"पणतू लिहा!" मागून काकांचा आवाज आला. "म्हैस वारसाने येते!"

"मग वारस दाखला जोडा," बाई म्हणाल्या. "आणि त्यासाठी पणजोबांच्या मृत्यूचा दाखला लागेल. तो शेजारच्याच खिडकीवर मिळतो."

शेजारच्या खिडकीने दिलेला कागद माझ्या खिशातच होता, सही-शिक्क्यानिशी. मी तो काढून बाईंपुढे ठेवला. त्यांनी नीट वाचला आणि म्हणाल्या, "याची झेरॉक्स आणा."