‘फक्त बॅटरी बदला’ हा सल्ला कोकणात फिरणाऱ्या जुन्या व्हॅनला का लागू होत नाही

जुनी कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात फिरणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मागची बॅटरी (इंजिनच्या पुढच्या बॅटरीशिवाय व्हॅनचे दिवे, फ्रिज चालवणारी दुसरी) रात्रीत उतरते म्हणजे ती मेली. तिच्या जागी लिथियम बसवा, बाकी काहीही बदलू नका, गाडी चालली की ती आपोआप भरते. छपरावर सोलर टाका, टर्मिनलला ग्रीस फासा आणि निर्धास्त व्हा. या सल्ल्यापायी लोकांचे पैसे आणि चांगल्या बॅटऱ्या दोन्ही वाया जातायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘उतरते म्हणजे मेली.’ आधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला काही तास कसलाच लोड न देता मोजलं, तर पूर्ण भरलेली 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि अर्धी भरलेली 12.2. दिवसभर गाडी चालवूनही आकडा 12.2 च असेल, तर तिच्यापर्यंत चार्जिंग पोचतंय का ते आधी बघायला हवं. 12.7 दाखवून फ्रिज लावताच 11 वर कोसळली, तर मात्र ती खरंच संपली.

जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा दोष वायरिंगमध्ये सापडतो. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली असते. या जाडीच्या तांब्याचा रोध दर मीटर लांबीला सुमारे 3 मिलिओहम. जायची-यायची मिळून 10 मीटर वायर धरली आणि 30 अँपिअर वाहिले, तर 0.9 व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) 14.2 असले तरी मागे 13.3 च उरतात. बॅटरी भरत येते तसा करंट कमी होतो आणि ही घटही कमी होते, हे खरं; पण तिथवर पोचायला वेळ मिळतो कुठे? सागरी मार्गाचा प्रवास म्हणजे तासभर गाडी, मग दाभोळ–धोपावे किंवा तवसाळ–जयगड फेरीबोटीच्या जेटीवर इंजिन बंद, पुन्हा पाऊण तास, की आला मुक्काम. लेड-अ‍ॅसिडचे शेवटचे वीसेक टक्के भरायला चार्जर कितीही मोठा असला तरी काही तास लागतातच. रोज अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती अकाली जाते. त्याच वायरीवर नवी बॅटरी टाकली, तर तिचंही तेच होणार.

इंजिन चालू, मागे लोड चालू, अशा वेळी मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या प्लसवर आणि दुसरी मागच्या बॅटरीच्या प्लसवर धरा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर रिले (दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), फ्यूज होल्डर आणि प्रत्येक जोड एकेक करून तपासा. मायनसच्या बाजूनेही हेच करा. गंजलेल्या चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट बऱ्याचदा तिथेच सापडतो. 25 चौरस मिलिमीटरची वायर टाकली की वरची 0.9 ची घट पाव व्होल्टच्या आत येते.

‘लिथियम बसवा, बाकी काही बदलू नका.’ हा सगळ्यांत घातक भाग आहे. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे ती मिळेल तेवढा करंट ओढते. जेटीच्या रांगेत इंजिन आयडलला असतं, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि करंट मात्र पूर्ण वाहतो. अशाने अल्टरनेटरच्या आतलं तारेचं वाइंडिंग जळतं. बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने मध्येच करंट तोडला, तर व्होल्टेजची उसळी येऊन अल्टरनेटरचे डायोडही उडू शकतात. व्होल्टेज बघून जोडणाऱ्या रिलेचा घोळ वेगळाच: असे रिले व्होल्टेज साधारण 12.8 ला उतरलं की जोडणी तोडतात, आणि लिथियम नुसती पडून असली तरी 13.2 च्या आसपास असते. म्हणजे इंजिन बंद केल्यावरही दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात.

यावर उपाय म्हणजे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर. तो करंट 20 किंवा 30 अँपिअरवर बांधून ठेवतो आणि मागे योग्य व्होल्टेज देतो. माझं स्पष्ट मत आहे की पैसे मोजकेच असतील, तर लिथियमच्या आधी हा घ्यावा; लेड-अ‍ॅसिडलाही त्याचा तेवढाच फायदा होतो. होमस्टेच्या प्लगवर चालणारा जुना चार्जर सतत 13.8 च देत असेल, तर तोही बदलून टप्प्याटप्प्याने भरणारा घ्या.

‘सोलर टाकलं की झालं.’ 100 वॉटचं पॅनल भर दुपारी पाचेक अँपिअर देतं. पण मे महिन्यात व्हॅन उन्हात कोण ठेवतो? आपण सुरूच्या बनात, नाहीतर माडाखाली लावतो, आणि चार सेलवर झावळीची सावली पडली तरी पॅनलचा करंट एकदम घटतो. पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. सोलर जोडीला चांगलं, एकट्याच्या भरवशावर राहू नये.

‘टर्मिनलला ग्रीस फासा.’ घासून साफ करून, घट्ट आवळून, मग वरून पेट्रोलियम जेली लावली तर ठीक. पण खारी हवा टर्मिनलवर थांबत नाही. गुहागरला एका जुन्या व्हॅनच्या वायरीचं टोक सोललं, तर थिंबल (टोकाला बसवलेली धातूची टोपी) बाहेरून चकचकीत होतं आणि आतली तार वीतभर काळी-हिरवी पडलेली. चाकूने खरवडली तरी तांबं लाल दिसेना. असा तुकडा कापून टाकण्याला पर्याय नाही. नवी वायर घेताना बोटींसाठी मिळणारी, कथलाचा मुलामा दिलेली घ्या, थिंबल नीट दाबून बसवा (क्रिम्प करा) आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा.

आणि मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट: या जाड वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी असते. मध्ये कुठे इन्शुलेशन घासून निघालं आणि आतलं तांबं चासीला टेकलं, तर दोन्हीकडून करंट येतो. त्यामुळे फ्यूज एक पुरत नाही. पुढच्या बॅटरीला लागून एक आणि मागच्या बॅटरीला लागून एक, असे दोन लावा.