ओलावा नावाची गोष्ट मी लिहिलीच नाही

आज मंडळाच्या दिवाळी अंकाची मीटिंग होती आणि मी तिथून अर्ध्यात उठून आले, आता घरी येऊन चहा झाला तरी राग जात नाहीये म्हणून इथे लिहिते आहे. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी उद्या वाचा पण वाचा.

झालं असं की अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा वाचून निवडायचं काम माझ्याकडे आहे. कथा बऱ्या आहेत, खरंच बऱ्या आहेत, पण वरची नावं बघा. घुसमट. ऋणानुबंध. वळण. नातं. मृगजळ. परत घुसमट, दुसऱ्या बाईंची. सांजवेळ. तो आणि ती. संघर्ष. एवढंच मी मीटिंगमधे म्हटलं की नावांचं काहीतरी करायला हवं, लेखकांशी बोलायला हवं, तर एकजण म्हणाले, अहो त्यात काय, फोनला सांगितलं की वीस नावं देतो, बसल्या बसल्या सगळी बदलून टाकू. आणि खिशातून फोन काढून सुरूही झाले! बाकीचे हसून राहिले होते. मला नाही हसू आलं.

कारण मला माझी मावशी आठवली.

मावशी जुन्या इंदुरात राहायची. आयुष्यात तिनं थोड्याच गोष्टी लिहिल्या, वहीत, जांभळ्या शाईनं, आणि लिहून झाली की आधी मला वाचून दाखवायची. त्यातली एक होती "एक दिवसाआड". इंदूरकरांना यातलं काही समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते की आमच्याकडे नर्मदा 1978 साली आली, जलूदहून 70 किलोमीटर वर चढवून आणतात ते पाणी, आणि ते नळाला एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी नळ यायचा त्या दिवशी घरातलं कोणीतरी मोटार लावायला, टाकी भरायला घरी पाहिजेच. तर मावशीच्या कथेत एक म्हातारी आहे, तिला दोन मुलं, एक राजवाड्याच्या मागे राहतो, एक सुदामा नगरात. दोघांकडे सुना नोकरीवाल्या. एकाकडे नळ आज तर दुसऱ्याकडे उद्या. आणि आजी ज्या दिवशी ज्याच्याकडे पाणी त्या दिवशी त्याच्याकडे असते. बस. कोणी तिला वाईट बोलत नाही, जेवायला घालतात, रिक्षात बसवून देतात. मुलं आईचा उपयोग करून घेतायत असं मावशीनं कथेत कुठेही लिहिलं नव्हतं, एका शब्दानं नाही. ते सगळं काम त्या नावानं केलं होतं. तुम्ही कथा संपवता, परत वर जाऊन नाव वाचता आणि मग कळतं की एक दिवसाआड फक्त पाणी येत नव्हतं.

ती कथा एका दिवाळी अंकात छापून आली. नाव होतं "ओलावा".

कोणी विचारलं नाही, फोन नाही, पत्र नाही. वर चित्र, नळाखाली हंडा आणि बाजूला हसरी आजी. ओलावा! त्या कथेत तो कुठे आहे हो? तो नाही म्हणून तर ती कथा आहे!!

असो. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

मला असं वाटतं की आपल्याकडे कथेचं नाव हा प्रकार शेवटच्या पाच मिनिटांचा झालाय. कथा लिहायला महिने लावतात आणि मग पाठवायच्या दिवशी वर काहीतरी टाकायचं म्हणून टाकतात, आणि जे टाकतात तो असतो कथेचा अर्थ. बाईला सासरी त्रास आहे, नाव घुसमट. वाचकाला काय उरलं मग? तिकिटाच्या रांगेतच शेवट सांगून टाकल्यासारखं आहे हे. तुम्ही म्हणाल की शंकर पाटलांच्या कथेचं नाव, धिंड, तेही एकाच शब्दाचं आहे. हो आहे, मान्य. पण धिंड ही डोळ्यांना दिसते, गावातून निघते, तिच्यामागे पोरं धावतात. घुसमट कोणाला दिसते का?

आपण हिंदीच्या शाळांत शिकलेली माणसं, प्रेमचंद तर सगळ्यांनीच वाचलेत. कफ़न. पूस की रात. ठाकुर का कुआँ. एक वस्तू, एक वेळ, एक जागा. यात ग़रीबी नावाची कथा आहे का, शोषण नावाची आहे का? थंडीतली एक रात्र म्हटली आणि विषय संपला, बाकीचं तुम्ही आत जाऊन भोगा. आणि मराठीत तर बोलण्यातलं वाक्य उचलून नाव करायची केवढी जुनी रीत आहे! हरिभाऊ आपट्यांनी दुष्काळावर कथा लिहिली आणि नाव दिलं "काळ तर मोठा कठीण आला". हे कोणीतरी ओट्यावर बसून सुस्कारा टाकून म्हणतंय असं ऐकू येतं. मिरासदारांची "माझ्या बापाची पेंड" घ्या, नाव ऐकल्याबरोबर त्या पेंडीचं काय झालं हे कळल्याशिवाय माणूस जेवायला उठणार नाही. आणि बाबूराव बागूल. 1963 सालची "जेव्हा मी जात चोरली होती". मी कॉलेजात असताना लायब्ररीत हे नाव कण्यावर वाचलं आणि उभ्या उभ्या पुस्तक उघडलं. यातला "मी" बघा, "चोरली" बघा. आता डोळे मिटून कल्पना करा की तेव्हा कोणी भल्या माणसानं ते बदलून "अपमान" केलं असतं. किंवा "वेदना". अंगावर काटा येतो मला.

जी.ए. कुलकर्णींचं उदाहरण कोणीतरी कमेंटमधे देणारच, काजळमाया, पिंगळावेळ, रमलखुणा, ती कुठे दिसतात म्हणून. ती संग्रहांची नावं आहेत, आणि ते जी.ए. होते. पुढे.

आता त्या मुलाबद्दल सांगते, कारण खरं तर त्याच्यामुळे मी मीटिंगमधे एवढी चिडले. गठ्ठ्यात एका कॉलेजच्या मुलाची कथा आहे, सराफ्यातली. वडील भुट्ट्याचा कीस विकतात. आपल्याला माहीत आहे की दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्यांच्याच समोर रात्रीची खाण्याची दुकानं लागतात. तर कथेत एका रात्री सेठकडे लग्नाची मोठी खरेदी चालू आहे, गिऱ्हाईक उठत नाही, आणि बाप आणि मुलगा सगळं सामान घेऊन समोर उभे आहेत, भुट्टा किसून ठेवलाय, तो आंबेल म्हणून बापाचा जीव खालीवर होतोय. आणि खरेदी करणाऱ्यांत मुलाच्या वर्गातली मुलगी आहे. बाप दर थोड्या वेळानं पायरीशी जाऊन हळूच विचारतो, "सेठ, शटर?" सेठ हातानंच थांब म्हणतो. तिसऱ्यांदा विचारायला बाप मुलाला पाठवतो. ...काय लिहिलंय पोरानं! मी वाचताना ताट बाजूला सारलं होतं.

नाव काय? "संघर्षाची चव".

मी त्याला फोन केला. घाबरला बिचारा, काकू काही चुकलं का म्हणाला. मी म्हटलं काही चुकलं नाही, कथा फार चांगली आहे, पण हे नाव कुठून आणलंस? तर म्हणाला, "काकू, कथांची नावं अशीच असतात ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच, त्यानं जे अंक पाहिलेत त्यात अशीच आहेत. आपणच शिकवलंय त्याला. त्याला वाटलं की घरात, सराफ्यात बोलतात ते शब्द आत चालतील पण वर, मोठ्या अक्षरात, काहीतरी साहित्यिक लागतं. मी त्याला नाव सुचवलं नाही. अगदी जिभेवर होतं तरी नाही. फक्त म्हटलं, तुझीच कथा परत एकदा मोठ्यानं वाच, आणि वाचताना जिथे तुझा आवाज बदलतो तिथे पेन्सिलनं खूण कर, मग मला फोन कर.

हे मावशीचं तंत्र आहे, माझं नाही. ती गोष्ट लिहून झाल्यावर नाव न देता वही काही दिवस तशीच ठेवायची. मग मला बसवून मोठ्यानं वाचायची, आणि मधेच थांबून म्हणायची हे बघ, हे नाव होऊ शकतं. कधी कोणाचं बोलणं असायचं, कधी भांड्याचं नाव, कधी गल्ली. "एक दिवसाआड" हे तिला सुनेच्या तोंडच्या एका साध्या वाक्यात सापडलं होतं, सून शेजारणीला नळाचं सांगत असते तिथे. शेजारणीला काही कळत नाही, सुनेलाही कळत नाही आपण काय बोललो ते. मावशी त्या जागी थांबली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. हे वीस नावं देणाऱ्या फोनला कसं सापडणार, ज्यानं ती गोष्ट जगली नाही, ज्याच्या घरी कधी नळाची वाट बघितली नाही?

बरं, संपादकांची बाजू पण आहे, मला माहीत आहे. एका अंकात दोन घुसमट छापता येत नाहीत. कधी नाव इतकं लांब असतं की पानावर बसत नाही. कधी लेखकाचं नाव खरंच वाईट असतं आणि संपादकाला चांगलं सुचतं, असंही होतं. आणि आज मीटिंगमधे एका वकील सदस्यांनी मला हेही ऐकवलं की नावावर कॉपीराइट नसतो, 2015 मधे सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय. नसेल. मी कोर्टात चाललेच नाहीये. फोन करायला कायदा लागतो का? एक फोन, ताई हे नाव बदलावं असं वाटतंय, तुम्हाला दुसरं काही सुचतं का, एवढंच. दोन मिनिटं लागतात.

आणि आपण कुठे बसून हे करतोय ते तरी बघा. 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, कथा लिहिणाऱ्या. 2001 साली इथे आपल्या इंदुरात विजया राजाध्यक्ष, त्याही कथा लिहिणाऱ्या. महाराष्ट्राबाहेरच्या या दोन गावांनी कथाकार बायकांना एवढा मान दिला आणि इथलीच एक बाई वहीत गोष्ट लिहिते तर तिला न विचारता आपण त्या गोष्टीचं नाव पुसून टाकतो. 2001 ला मावशी संमेलनाला आली होती माझ्याबरोबर. मंडपात तिच्या ओळखीच्या एक बाई भेटल्या, अगदी प्रेमानं म्हणाल्या, अहो तुमची ती ओलावा किती छान होती! मावशीनं नमस्कार केला आणि म्हणाली, "ओलावा नावाची गोष्ट मी लिहिलीच नाही." त्या बाई गोंधळल्या, म्हणाल्या अहो ती नळाची, आजीची. मावशी म्हणाली, ती दुसरी, ती अजून छापून यायचीय.

रागानं नाही म्हणाली. तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. त्यानंतर तिनं कुठेच काही पाठवलं नाही.

आज तोच दिवाळी अंकाचा टेबल, तसेच चांगले, सज्जन लोक, कोणाच्या मनात वाईट नाही, आणि हातात फोन. म्हणून उठून आले. उद्या परत जाणार आहे, अंक सोडणार नाही. ज्या ज्या कथेचं नाव बदलावंसं वाटतंय त्या प्रत्येक लेखकाला मी स्वतः फोन करणार आहे, दोन्ही घुसमटवाल्या बायकांना सुद्धा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर दोन घुसमट छापू, एक पान 12 वर आणि एक पान 90 वर. मावशीची वही माझ्याकडे आहे. तिची कथा या अंकात "एक दिवसाआड" या नावासकट घ्या असा अर्ज समितीला आत्ताच व्हॉट्सअॅपवर टाकलाय. इंदुरात, देवासला, उज्जैनला जे कोणी अंक काढतात आणि ही पोस्ट वाचतायत त्यांनी आपापल्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, की शीर्षक बदलायचं असल्यास लेखकाला विचारू, आणि खाली लेखकाचा फोन नंबर लिहायला जागा ठेवा.