काकू, पिसा आणि मिलान काढून टाका

आज सकाळी सोसायटीतल्या काकूंनी एका टूरवाल्याचं इटलीचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली एवढंच, "जरा बघून सांगशील का गं, बरं आहे ना?" सात रात्री. रोम, पाँपेई, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान. काका सत्तरीचे, काकूंचा उजवा गुडघा दुखरा. फ्लोरेन्सपुढे लिहिलंय, "वाटेत पिसा पाहून दुपारी आगमन, शहरदर्शन, मुक्काम." दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बस व्हेनिसकडे. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितेय.

आधी रात्री मोजा. काकूंच्या कागदावर रोमच्या 3 रात्री दिसतात. त्यातला पहिला दिवस विमानातून उतरण्यात गेला. फ्युमिचिनो विमानतळावर इमिग्रेशनची रांग, सामान, मग लिओनार्दो एक्स्प्रेस गाडीने 32 मिनिटांत टर्मिनी, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला, 14 युरो माणशी, आणि हॉटेलात खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. तिसरा दिवस पाँपेईला, ज्वालामुखीने गाडलेल्या गावाला. मग रोमला उरला किती? एक दिवस! त्यात व्हॅटिकन, कलोसियम, फोरमचे प्राचीन अवशेष आणि ट्रेव्हीचं कारंजं. हे वेळापत्रक करणाऱ्याने व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये कधी पाऊल ठेवलंय का? दारापासून सिस्टाइन चॅपलपर्यंत नुसतं चालत गेलं, तरी गर्दीत तास-दीड तास जातो. कलोसियमच्या तिकिटातच फोरम आणि पॅलाटिन टेकडी येते, आणि ते बघायला अख्खी सकाळ लागते. काकूंच्या वेळापत्रकात ते "बाहेरून दर्शन" आहे.

दुसरं, शहर बदलणं. "रोम ते फ्लोरेन्स फक्त दीड तास" असं जो तो सांगतो. गाडीला दीडच तास लागतो, खरं आहे. पण दहाला खोली सोडायची, बॅगा ओढत मेट्रो, टर्मिनीला वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचायचं कारण फलाट शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लागतो, मग लांबलचक गाडीत आपला डबा शोधायचा. उतरल्यावर हॉटेल, तिथे खोली तयार नाही, बॅगा काउंटरला ठेवायच्या, जेवायचं. ह्या दारापासून त्या दारापर्यंत चार तास धरा. एक शहर वाढवलं की अर्धा दिवस गेलाच. काकूंच्या सात रात्रींत असे तीन बदल आहेत, वर पाँपेई आणि पिसाच्या चकरा.

आणि स्टेशनांची नावं नीट वाचा. फ्लोरेन्सचं मुख्य स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला, थेट जुन्या गावात. काही गाड्या रिफ्रेदी किंवा काम्पो दि मार्तेलाच थांबतात. रोममध्ये टर्मिनी वेगळं, तिबुर्तिना वेगळं. व्हेनिसचं तर सगळ्यात वाईट: मेस्त्रे हे जमिनीवरचं उपनगर, आणि बेटावरचं स्टेशन सांता लुचिया, पुलावरून दहा मिनिटं पुढे. काकूंचा "व्हेनिस मुक्काम" मेस्त्रेमध्ये आहे. खोल्या तिथे स्वस्त मिळतात, हे कबूल. पण व्हेनिसची दुपार म्हणजे सान मार्कोच्या चौकात खांद्याला खांदा. संध्याकाळी सहा-सातनंतर दिवसाचे पाहुणे परततात आणि कान्नारेज्जो भागातल्या कालव्याकाठी गावातली माणसं दिसायला लागतात. नेमकं त्याच वेळी काकूंना बसमध्ये बसवून मेस्त्रेला नेणार! मग व्हेनिसला जायचंच कशाला?

बेटावर राहायचं तर बॅग लहान हवी. तिथल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत, आणि नकाशावर "पाच मिनिटं" दिसणाऱ्या वाटेत तीन पूल निघतात. खोली व्हापोरेत्तोच्या (तिथल्या बससारख्या बोटीच्या) थांब्याजवळ, मध्ये पूल नसलेली घ्या. सांता लुचियाच्या दारातूनच 1 नंबरची बोट मिळते, सान मार्कोला पाऊण तास. 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोचं, म्हणून दोनपेक्षा जास्त फेऱ्या होणार असतील तर दिवसाचा पास बघा.

मिलानला काकूंच्या कागदावर 2 रात्री आहेत. फ्लोरेन्सला एक आणि मिलानला दोन! त्यातला एक दिवस "खरेदीसाठी मोकळा". लिओनार्दोचं 'लास्ट सपर' हे चित्र मिलानमध्येच आहे, पण ते ह्यांच्या यादीत नाही, कारण तिथे ठरावीक माणसांना ठरावीक वेळी 15 मिनिटांसाठी सोडतात आणि तिकीट खूप आधी काढावं लागतं. तेवढी तसदी कोण घेणार?

पिसा वाईट नाही. फ्लोरेन्सहून साध्या रेजोनाले गाडीने तासाभरात पोचता येतं, आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड. पण स्टेशनपासून कलत्या मनोऱ्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चाल, तेवढीच परत. एका फोटोसाठी अर्धा दिवस. फ्लोरेन्सला तीन रात्री असतील तर जरूर जा. काकूंना एकच आहे.

हो, टूरमध्ये जेवणाची काळजी नसते, भाषेची धास्ती नसते, आणि पुन्हा जाणं होईलच असं नाही. मान्य. पण पुन्हा जाणं होणार नाही म्हणूनच म्हणतेय, जे बघाल ते धड बघा.

सात रात्रींत काकूंना मी रोम 3, फ्लोरेन्स 2, व्हेनिस 2 असं करून देणार आहे. नऊ मिळाल्या तर 4-3-2. पाँपेईत जीव अडकला असेल तर व्हेनिस सोडा आणि रोमनंतर नेपल्सला दोन रात्री राहा. रोम-नेपल्स सव्वा तास, पुढे चिर्कुमव्हेझुव्हियाना ह्या लोकल गाडीने 'पाँपेई स्काव्ही' स्टेशनपर्यंत चाळीसेक मिनिटं. व्हेनिस ठेवणार असाल तर विमानाचं तिकीट रोमला उतरून व्हेनिसहून परत असं काढा, वेबसाइटवर 'मल्टी-सिटी' असतं. नाहीतर शेवटचा दिवस चार तास उलटं रोमला जाण्यात घालवाल. वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढली की स्वस्त पडतात, पण स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालतं. म्हणून विमानातून उतरायच्या दिवशीचं असं तिकीट कधीच काढू नका.

वार बघून शहरं लावा. व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद; महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, आणि त्या दिवशीच्या गर्दीत काकांना नेऊ नका. बुधवारी सकाळी पोपची सभा असेल तर सेंट पीटर्स चर्चमध्ये दुपारपर्यंत जाता येत नाही. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टप्रमाणेच हवं. दिवाळीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो. आणि फ्लोरेन्सच्या ड्युओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, घुमटाला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. काकूंनी तो खालूनच बघावा, चौकातून तो जास्त सुंदर दिसतो.

फ्लोरेन्ससाठी माझा एवढा हट्ट का, तेही सांगते. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला ह्याच गावात वारले, वय वीस-एकवीस. परक्या गावाने हिंदू पद्धतीने दहन करू दिलं, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर. 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. जवळच्या पुलाचं नावच 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे त्या हिंदुस्थानी माणसाचा पूल. काकूंचं माहेर कोल्हापूरचं, आणि त्यांच्या कागदावर ह्याबद्दल एक ओळ नाही.

जायला कठीण नाही. सांता मारिया नोव्हेल्लाहून T1 ट्राम, कॅशिने थांबा, तिथून कॅशिनेच्या बागेतून नदीकाठाने पश्चिमेला पाऊण तास सपाट चाल. गुडघा दुखत असेल तर एका बाजूने टॅक्सी करा. फ्लोरेन्समध्ये सोमवार आला तर उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही म्युझियम्स बंद असतात. तो सोमवार कॅशिनेला द्या, आणि उफिझीचं तिकीट मंगळवारी सकाळी सव्वाआठचं काढा.